ओढ्यातला गाळ: जेसीबी, मिनी पोकलेन की तरंगतं पोकलेन?

ओढ्यातला किंवा कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यामागचा गाळ काढायचा, तर मशीन ठरवताना तासाचा दर आणि पाण्याची खोली एवढंच विचारलं जातं. खोलीपेक्षा तळ महत्त्वाचा. जाड बांबूने दर दोन मीटरवर तळ टोचून पाहा. खाली मुरूम किंवा घट्ट वाळू असेल तर बांबू अडतो. नुसत्या हाताच्या जोरावर तो हातभर आत गेला, तर टायरचं मशीन तिथे उतरवूच नका.

जेसीबी गावोगाव मिळतो, पण तो काठावरून चालवायचा. साडेसात टनांच्या आसपासचं वजन चार टायरांवर, आणि खोदताना मागचा बराचसा भार दोन जॅकवर येतो. ओल्या मातीत एक जॅक आधी बसतो आणि मशीन तिरकं होतं. म्हणून दोन्हींखाली जाड फळ्या हव्यातच. पाणी ॲक्सलपर्यंत चढलं की ब्रीदर (हवा जाण्याचं छिद्र) आणि सीलमधून आत शिरतं, ऑइल दुधाळ होतं. काठाच्या पोटातली माती तर कधीच कोरू नका, कारण त्याच काठावर आपण उभे असतो.

पाण्यात उतरायचं तर ३ ते ८ टनी चेनचं मिनी पोकलेन बरं. लहान मशीनचा जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटीमीटरला ३०० ते ३५० ग्रॅमच्या घरात असतो. मात्र भरलेली बकेट लांब धरली की सगळा भार चेनच्या पुढच्या टोकावर जातो आणि मशीन नाक खुपसतं. ओला गाळ घनमीटरला दीड टनाहून जड असतो, शिवाय चिकट तळ बकेट धरून ठेवतो. अर्धीच भरा, हळू सोडवा, जवळ घेऊन मगच फिरवा.

पोकलेनसाठी पाण्याची मर्यादा म्हणजे चेनच्या वरच्या रोलरचा मध्य. ती उंची टेपने मोजून बांबूवर रंगाची खूण करून ठेवा म्हणजे अंदाजाने काम होत नाही. रोलर नसलेल्या मॉडेलला कंपनीच्या पुस्तिकेतला आकडाच खरा. स्विंग बेअरिंग (ज्यावर मशीनचा वरचा भाग फिरतो) बुडालं तर जुनं गिरीस पूर्ण बाहेर येईपर्यंत नवीन भरावं लागतं. बाहेर येताना मात्र बरेच जण चुकतात: चढ १५ अंशांपेक्षा उभा असेल तर मशीनची मागची बाजू पाण्यात जाते, रेडिएटरचा पंखा पाणी मारू लागतो आणि पाती तुटतात. म्हणून उतरण्याआधी बाहेर यायची वाट मुरूम टाकून तयार करा. फायनल ड्राइव्ह (चेन फिरवणारा गिअर) काठाकडे, तोंड पाण्याकडे. मागे सरत काम करा. बकेटच्या पिना पाण्यात असतात, त्यांना दिवसातून एकदा गिरीस पुरत नाही. दर दोन-तीन तासांनी द्या. रबरी चेन असेल तर दगड अडकून ती उतरू शकते, लोखंडी चेन बरी.

मशीन रुतलं तर चेन फिरवत राहू नका, ते आणखी खाली बसतं. फळ्या घाला आणि वायर रोप चेनला नव्हे, चेसिसला बांधून ओढा.

बांबू कमरेइतका आत जात असेल, तर प्रश्न तरंगत्या पोकलेनचा. त्याच्या चेन पोकळ पोंटूनवर, म्हणजे तरंगणाऱ्या बंद टाक्यांवर फिरतात. भाडं आणि वाहतूक महाग, त्यामुळे मोठा तलाव किंवा शहरातला नाला असेल तरच परवडतं. मुंबईच्या मिठी नदीत अशी यंत्रं वापरली गेली आहेत. गावच्या ओढ्यासाठी त्याऐवजी एप्रिल-मेपर्यंत थांबा, वरच्या अंगाला मातीचा बांध घाला, पंपाने पाणी उतरवा आणि तळ दोन-तीन आठवडे सुकू द्या. आम्ही हाच मार्ग आधी सुचवतो: त्यानंतर तळ पेलत असेल तर साधं चेन मशीनही पुरतं. प्लॅस्टिकच्या शेततळ्यात मात्र कोणतंच मशीन नको, तिथे मड पंप लावा.

काम सुरू करण्याआधी शेतकऱ्यांच्या मोटारींचा वीजपुरवठा बंद करून केबली काठावर ओढून घ्या. बकेटने चिरलेली केबल पाण्यात करंट सोडते. वर धरण असेल तर पाटबंधारे खात्याकडून आवर्तनाची, म्हणजे पाणी सोडण्याची तारीख विचारून घ्या. केबिनचं दार अडकणार नाही याची खात्री करा, आणि ऑपरेटरला हाक ऐकू जाईल, नजरेत राहील असा एक माणूस काठावर सतत उभा ठेवा.