एसिटालोप्राम आणि दिवसाची गुंगी : काही महिन्यांच्या वापरानंतर

छातीत सतत धडधड, रात्री झोपमोड आणि साध्या हिशेबाचीही धास्ती, अशा तक्रारींसाठी दिवाळीनंतर मानसोपचारतज्ज्ञांनी मला दोन गोळ्या लिहून दिल्या. एक एसिटालोप्राम, म्हणजे चिंता आणि नैराश्यावरची गोळी, आधी ५ आणि पुढे १० मिलिग्रॅम. दुसरी रात्रीची क्लोनाझेपाम, म्हणजे घबराट शमवणारी, गुंगी आणणारी गोळी, ०.२५ मिलिग्रॅम, तीही थोड्याच आठवड्यांपुरती. पहिलीचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, तोवर दुसरीचा आधार.

मी भुसावळहून जळगावकडच्या एका जिनिंगमध्ये हिशेबाला जातो. कापसाचा हंगाम भरात असताना काटा-पावत्या उतरवता उतरवता दुपारी डोळे मिटू लागत. घरच्यांचा सगळा राग एसिटालोप्रामवर होता. डॉक्टरांनी मात्र क्लोनाझेपामकडे बोट दाखवले : तिचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायलाच साधारणपणे ३० ते ४० तास लागतात, त्यामुळे कालची गोळी पुरती उतरण्याआधीच आजची पोटात जाते. तरीही ती एकदम तोडू दिली नाही, कारण अशा गोळ्या अचानक थांबवल्यास घबराट उसळते आणि क्वचित फिटही येऊ शकते. टप्प्याटप्प्याने ती कमी झाली, तशी दुपारची गुंगी बरीचशी ओसरली.

उरलेली सुस्ती एसिटालोप्रामची होती. ती गोळी सकाळी किंवा रात्री, कधीही चालते. काहींची तिने झोप उडते, त्यांना सकाळ बरी. मला जडपणा येत असल्याने डॉक्टरांनी ती रात्रीच्या जेवणानंतर घ्यायला सांगितली. गुंगी होती तोवर हायवेवर मोटारसायकल घातली नाही, रेल्वेनेच ये-जा केली. हंगामात गाडी चुकली की मालकांचे तोंड पाहावे लागे, पण ते परवडले. सर्दीच्या गोळीतील सेटिरिझिन किंवा क्लोरफेनिरामिन गुंगी वाढवते, म्हणून मेडिकलवाल्याला चालू औषधांची चिठ्ठी आधी दाखवतो. दारू तर या गोळ्यांसोबत वर्ज्यच. झोप घालवण्यासाठी दिवसभर चहा ढोसणे मला मुळीच मानवले नाही, धडधड परत आली.

एप्रिल-मेच्या खानदेशी उन्हात दुपारी अंग गळते, तेव्हा दोष औषधाचा की उन्हाचा हे ठरवणे अवघड जाते. सध्या फक्त १० मिलिग्रॅमची रात्रीची गोळी चालू आहे, सकाळी थोडा वेळ डोके जड राहते, पण पावत्यांची बेरीज पुन्हा पुन्हा तपासावी लागत नाही. बरे वाटू लागल्यानंतरही निदान सहा महिने ती चालू ठेवण्याचा सल्ला असल्याने पावसाळ्यातही ती सुरूच राहील.