मुलासाठी घेतलेला पावलं मोजायचा बँड, सहा महिन्यांनंतर

माझा मुलगा चौदा वर्षांचा, वजन ८४ किलो. डॉक्टर म्हणाले उपाशी ठेवू नका, आधी रोज हलता करा, म्हणून जानेवारीत १,८०० रुपयांचा हा बँड मागवला.

डब्यातून काढला की टार्गेट १०,००० पावलांचं असतं, ते आधी बदला. १९६५ ला जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र आलं, त्याचं नावच मानपोकेई म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर, तिथून हा आकडा सगळीकडे पसरलाय, जाड मुलांकडे बघून कोणी ठरवलेला नाही. आमचा तेव्हा शाळा-क्लास धरून जेमतेम साडेतीन हजार चालायचा, रोज रात्री बँडवरचं ते अर्धवट भरलेलं वर्तुळ बघून आठवड्यात त्याने बँड कपाटात टाकला. मला फार वाईट वाटलं. मग ४,००० लावलं, पंधरा दिवसांनी ५०० वाढवत गेलो, परीक्षेत थांबलो, आता ८,५०० वर आहे.

खरं कामाचं फीचर मिनिटांचं आहे. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं सांगते, तीही जरा दम लागेल अशी, म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. आम्ही तुकडे केलेत, सकाळी वीस, रात्री जेवल्यावर वीस, बाकी खाली बॅडमिंटन. रविवारी पर्वती चढतो, पहिल्यांदा तो तीनदा बसला होता, परवा न थांबता वर गेला आणि वरून मला हाक मारली.

आता तक्रारी. पट्टा शेवटच्या भोकातही घट्ट, मनगटावर लाल वळ उठायचे, कस्टमर केअरने दोनदा तोच मेसेज पाठवला, शेवटी ३५० रुपयांचा लांब पट्टा वेगळा घ्यावा लागला. स्कूटरवर मागे बसून क्लासला गेला तरी तीनशे-चारशे पावलं वाढतात. आणि कॅलरीचा आकडा स्क्रीनवरून काढूनच टाका, पोरगं वडापाव खाताना तो बघायला लागलं होतं.

अजून एक, बँडशी संबंध नाही पण कोणी सांगत नाही. मांड्या घासून सोलतात आणि मुलं लाजून बोलत नाहीत, चालायचा कंटाळा आलाय एवढंच म्हणतात. आम्हाला हे महिन्याने कळलं. आतून घालायच्या लांब सायकलिंग शॉर्ट्स बँडसोबतच मागवा.

पाचपैकी साडेतीन.