वारशाने येणाऱ्या प्रॉपर्टी: वर जाऊन शोधायच्या की खाली उतरवून ठेवायच्या?

कंपनी, तिच्याखाली विभाग, विभागाखाली शाखा, शाखेत काउंटर. बिलावर जास्तीत जास्त किती टक्के सवलत द्यायची ही प्रॉपर्टी (म्हणजे सेटिंग) कंपनी एकदाच ठरवते. एखाद्या शाखेला वेगळं हवं असेल तर ती आपलं वेगळं ठेवते, बाकीच्या वरचंच चालवतात. नावं बदलतील, पण असं ट्री (एकाखाली एक अशी उतरंड) बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये कुठे ना कुठे असतंच: फोल्डर आणि त्यांचे हक्क, वेब पेजवरचे एलिमेंट आणि त्यांचे रंग, मालाची वर्गवारी आणि तिच्यावरचे कराचे दर.

कोड लिहायला बसलं की दोन रस्ते समोर येतात. पहिला: नोडवर (ट्रीमधल्या एका जागेवर) तेवढंच लिहायचं जे मुद्दाम त्याच नोडसाठी सांगितलं आहे, आणि व्हॅल्यू लागेल तेव्हा पॅरेंटकडे (लगेच वरच्या नोडकडे), मग त्याच्या पॅरेंटकडे असं वर जात शोधायचं. दुसरा: वर काही बदललं की ते खालच्या सगळ्या नोडवर लगेच लिहून टाकायचं, म्हणजे वाचताना शोधाशोध नको. माझा कौल आधीच सांगतो. नवं काही बांधत असाल तर पहिला रस्ता धरा. दुसऱ्यासाठी ठोस कारण लागतं, आणि ‘वाचायला फास्ट’ हे बहुतेक वेळा ते कारण नसतं.

वर जाऊन शोधणं

```
कंपनी               सवलत = १०
└─ पुणे विभाग        (नोंद नाही)
   ├─ कोथरूड शाखा    सवलत = ५
   └─ हडपसर शाखा    (नोंद नाही)
      └─ काउंटर ३    (नोंद नाही)
```

काउंटर ३ ची सवलत विचारली तर त्याच्याकडे नोंद नाही, हडपसरकडे नाही, पुणे विभागाकडे नाही; कंपनीकडे १० सापडले, विषय संपला. उद्या कंपनीने १० चे १२ केले तर लिहिणं एकाच जागी, आणि कोथरूडचे ५ जागच्या जागी. हडपसर शाखा दुसऱ्या विभागात गेली तर फक्त तिचा पॅरेंट बदलायचा. कोथरूडला पुन्हा कंपनीचा नियम लावायचा असेल तर तिची नोंद पुसायची, बस.

जावास्क्रिप्टचे ऑब्जेक्ट नेमके असेच चालतात. पायथनमध्ये ३.३ पासून चेनमॅप आहे: डिक्शनऱ्यांची (नाव-व्हॅल्यू जोड्यांच्या संचांची) साखळी, वाचताना ओळीने सगळ्यांत शोधणार, लिहिताना मात्र पहिल्याच डिक्शनरीत लिहिणार. छोट्या कामाला तो पुरतो, स्वतःचा क्लास लिहायची गरज नाही.

या रस्त्यावरचा एक खड्डा मात्र खोल आहे. वाचणं वर जातं आणि लिहिणं स्वतःवर होतं, हा नियम अख्खी व्हॅल्यू बदलताना बरोबर चालतो. पण व्हॅल्यू म्हणजे एखादी लिस्ट असेल आणि शाखेच्या कोडने तिच्यात एक आयटम पुश केला, तर आधी ती लिस्ट ‘वाचली’ जाते. ती असते कंपनीची. आयटम जाऊन बसतो सगळ्या शाखांच्या लिस्टमध्ये, आणि एरर नाही की वॉर्निंग नाही. म्हणून वारशाने जाणाऱ्या व्हॅल्यू बदलता येणार नाहीत अशाच ठेवा, किंवा वाचणाऱ्याला कॉपी द्या.

वेगाची भीती बरेच जण उगाच बाळगतात. असली ट्री खोल नसतात. मेमरीत पाच-सहा पायऱ्या चढायला लागणारा वेळ मोजण्याच्या लायकीचाही नसतो. डेटाबेसची गोष्ट वेगळी, तिकडे पुढे येतो.

या पद्धतीचा मला सगळ्यात आवडणारा नमुना म्हणजे झेडएफएस ही फाइल सिस्टिम. तिथे कुठल्याही डेटासेटची (साठ्याच्या एका भागाची) प्रॉपर्टी विचारली की व्हॅल्यूशेजारी ‘सोर्स’ नावाचा कॉलम येतो: लोकल, डिफॉल्ट, किंवा अमुक पॅरेंटकडून आलेली. लोकल व्हॅल्यू काढून पुन्हा वरची लागू करायला ‘इनहेरिट’ अशी वेगळी कमांडच आहे. शिवाय सगळंच खाली झिरपत नाही: कॉम्प्रेशन झिरपतं, कोटा झिरपत नाही. हे दोन्ही विचार उचलण्यासारखे आहेत. तुमच्या फंक्शनने नुसते १० परत देऊ नयेत, ‘१०, कंपनीकडून’ असं द्यावं. ‘आमच्या शाखेला ही मर्यादा कुणी लावली?’ असा फोन येतो तेव्हा त्याचं मोल कळतं.

खाली उतरवून ठेवणं

याचं मोठं उदाहरण विंडोजवर रोज वापरात असतं. एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये फोल्डरवर दिलेले हक्क विंडोज २००० पासून आतल्या प्रत्येक फाइलवर उतरवले जातात. फाइल उघडताना तिचेच हक्क बघितले की झालं, वर जायला नको. हक्क तपासले जातात क्षणोक्षणी आणि बदलतात क्वचित, त्यामुळे तिथे हा सौदा पटतो. पण लाखभर फायली असलेल्या फोल्डरचा एक हक्क बदलून बघा. विंडोज एकेक फाइल करत बसते. आणि त्याच ड्राइव्हवर फाइल नुसती इकडून तिकडे हलवली तर जुन्या फोल्डरकडून आलेले हक्क तिच्याबरोबर तसेच राहू शकतात, कारण हलवताना खरं तर फाइलला कुणी हातच लावलेला नसतो.

आता आपलं ट्री घ्या. समजा ४० शाखा, प्रत्येकीत १२ काउंटर, ३० प्रॉपर्टी. उतरवून ठेवायचं तर नुसत्या काउंटरच्याच १४,४०० नोंदी होतात, जिथे मुद्दाम सांगितलेल्या गोष्टी कदाचित शंभरही नसतील. जागेचा प्रश्न नाही, डिस्क स्वस्त आहे. खरी अडचण पुढे येते. हडपसरचे १० कंपनीकडून उतरलेले आहेत. स्वारगेट शाखेने मात्र विचार करून स्वतःच १० ठेवलेत. टेबलात दोन्ही सारखेच दिसतात. कंपनीने १२ केले की हडपसरचे बदलायचे, स्वारगेटचे नाही. पण कोणते १० कोणाचे हे आता कोण सांगणार? ‘जुन्या व्हॅल्यूइतकेच असतील तर बदला’ हा जुगाड मी बऱ्याच कोडमध्ये पाहिला आहे, आणि तो स्वारगेटवर अन्याय करतो. एनटीएफएस त्यासाठीच उतरलेल्या प्रत्येक नोंदीवर ‘वरून आलेली’ अशी खूण ठेवतं. उतरवायचंच असेल तर ही खूण पहिल्या दिवसापासून ठेवा. नंतर ती बनवता येत नाही, कारण माहितीच हरवलेली असते.

रस्ता कोणताही घ्या, हे आधी ठरवा

‘नोंद नाही’ आणि ‘नोंद आहे, पण रिकामी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रत्येक प्रॉपर्टीला एक कॉलम आणि नल (रिकामी जागा) म्हणजे वरचं लागू, ही रचना सोपी म्हणून सगळे तिथूनच सुरुवात करतात. मग एक शाखा म्हणते, आम्हाला सवलतीची मर्यादाच नको. ते लिहायचं कसं? नल तर आधीच खर्ची पडलेला. मग कुणी तरी ९९९ लिहितं. त्यापेक्षा प्रॉपर्टीचं वेगळं टेबल करा: नोड, नाव, व्हॅल्यू. रो (टेबलातली ओळ) नसेल तर वरचं, रो असून नल असेल तर ‘मर्यादा नाही’.

दुसरं, खाली नेमकं काय जातं: सूत्र की त्याचं उत्तर? सीएसएस या वेब पेज सजवायच्या भाषेत हे फार स्वच्छ दिसतं. पेजच्या बॉडीवर अक्षरं १६ पिक्सेलची आणि लाइन-हाइट (ओळीची उंची) १५० टक्के दिली, तर खाली जातात २४ पिक्सेल, हिशोब झालेले. आत ३२ पिक्सेलचं शीर्षक असेल तर त्यालाही २४ च मिळतात आणि शीर्षकाच्या दोन ओळी एकमेकींवर चढतात. टक्क्यांऐवजी नुसतं १.५ लिहिलं तर गुणकच खाली जातो आणि शीर्षकाला ४८ मिळतात. दिसायला एकच सूचना, वागणं मात्र पूर्ण वेगळं. तुमच्याकडे ‘पॅरेंटच्या निम्मे’ असली प्रॉपर्टी असेल तर हा निर्णय टाळता येणार नाही.

तिसरं, लिस्ट आणि डिक्शनरी: खालच्याने वरची झाकायची की तिच्यात भर घालायची? प्रत्येक प्रॉपर्टीपुरतं एकदा ठरवून तिच्या व्याख्येतच लिहा, वाचणाऱ्या कोडवर सोडू नका.

मधला मार्ग

मोजून बघितल्यावर वर जाणं खरंच महाग पडतंय असं दिसलं तर मूळ डेटा पहिल्याच पद्धतीने ठेवा आणि त्यावर कॅशे (एकदा काढलेली उत्तरं हाताशी ठेवणारा साठा) बसवा. बदललेल्या नोडखालचे सगळे नोड शोधून त्यांच्या कॅशेतल्या व्हॅल्यू बाद ठरवण्यापेक्षा सोपी युक्ती: अख्ख्या ट्रीचा एक व्हर्जन नंबर ठेवा, कुठेही बदल झाला की तो एकने वाढवा, आणि कॅशेतल्या व्हॅल्यूवरचा नंबर जुना दिसला की ती पुन्हा काढा. सेटिंग्ज दिवसातून दोन-चारदा बदलत असतील तर एवढं पुरे. फ्लटर या अ‍ॅप बांधायच्या फ्रेमवर्कची पद्धत वेगळी आहे: तिथे वरच्या इनहेरिटेड विजेटचा (खालच्यांना माहिती पुरवणाऱ्या घटकांचा) मॅप प्रत्येक एलिमेंटच्या हाताशी असतो, म्हणून ट्री कितीही खोल असलं तरी शोधायला लागणारा वेळ तेवढाच.

डेटाबेसमध्ये

पॅरेंट आयडीचा एक कॉलम आणि रिकर्सिव्ह क्वेरी (पायरी पायरीने स्वतःच वर जात राहणारी), बहुतेकांना एवढं बास आहे. पोस्टग्रेसमध्ये ती ८.४ पासून, म्हणजे २००९ पासून आहे, मायएसक्यूएलमध्ये ८.० पासून. वर जाताना पायरीचा आकडा बरोबर घ्या आणि सगळ्यात जवळची रो उचला.

दुसरा पर्याय म्हणजे अख्खा पाथच (मुळापासूनची वाट) नोडवर लिहून ठेवणं. जीएसटीचे एचएसएन (मालाच्या वर्गवारीचे) कोड बघा: ०९ म्हणजे कॉफी, चहा, मसाले, ०९०२ म्हणजे चहा, ०९०२१० म्हणजे तीन किलोपर्यंतच्या पॅकिंगमधला हिरवा चहा. पूर्वज कोडमध्येच लिहिलेले आहेत. आठ आकडी कोडचा दर शोधायला आठ, सहा, चार आणि दोन आकड्यांचे तुकडे एकाच क्वेरीत विचारायचे आणि सगळ्यात लांब जुळेल तो घ्यायचा. प्रत्यक्ष अधिसूचनांमध्ये ‘अमुक सोडून इतर’ अशा अटी असतात, तिथे नुसत्या आकड्यांवर भागत नाही, पण पाया हाच. पाथची अडचण हलवताना येते: शाखा दुसरीकडे गेली की खालच्या सगळ्यांचे पाथ पुन्हा लिहा. कोड सहसा हलत नाहीत, शाखा हलतात.

उतरवणंच बरोबर असतं तेव्हा

एक, नोड ट्री सोडून जात असेल तेव्हा. पीडीएफमध्ये पानांचंही ट्री असतं आणि चारच प्रॉपर्टी वारशाने येतात: रिसोर्सेस (फॉन्ट, चित्रं वगैरे), मीडियाबॉक्स (पानाचा आकार), क्रॉपबॉक्स (पानाचा दिसणारा भाग), रोटेट (फिरवणं). सगळी पानं ए४ असतील तर ५९५ बाय ८४२ पॉइंट हा आकार वर एकदाच लिहून चालतो. पण एकच पान काढून दुसऱ्या फाइलमध्ये न्यायचं तर पॅरेंट मागे राहतो. पानाचा आकार आणि रिसोर्सेसमधले फॉन्ट आधी पानावर उतरवून घेतले नाहीत तर पान मोडतं. क्यूपीडीएफ या पीडीएफ हाताळणाऱ्या लायब्ररीत त्यासाठी स्वतंत्र फंक्शन आहे.

दोन, व्हॅल्यू त्या क्षणाला गोठवायची असेल तेव्हा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे बहुतेक वस्तूंसाठी गेले. त्याआधीच्या ऑगस्टमधलं बिल आज पुन्हा प्रिंट केलं तर त्यावर ऑगस्टचाच दर यायला हवा. ट्रीमध्ये वर जाऊन आजचा दर आणणारं बिल खोटं आहे. इथे दर बिलाच्या ओळीतच उतरवा, आणि शेजारच्या कॉलममध्ये तो कोणत्या कोडवरून आला तेही लिहा. दोन वर्षांनी ऑडिटर विचारेल तेव्हा पहिला प्रश्न त्याच कॉलमचा असेल.