फोन करू की सिव्हिलला जाऊ?

धडगावकडचा एक पावरा आदिवासी तरुण विचारत होता, "दादा, महिनोन्‌महिने मन खचलंय. मला मुलगे आवडतात हे घरी ठाऊक नाही. टेलि-मानसला फोन करू की नंदुरबारच्या सिव्हिलला जाऊ?"

खर्चाचं सोपं आहे. टेलि-मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाइन; तिचा नंबर १४४१६ मोफत, चोवीस तास, मराठीतही. सिव्हिल स्वस्त, पण सातपुडा उतरायचा तर गाडीभाडं जातं, मजुरीही बुडते.

खरी धास्ती गुपिताची. रांगेत गावचं कुणीतरी भेटतंच. फोनला एकांत लागतो. पाड्यावर रेंज टेकडीवरच येते, तिथे तो मिळेलही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ प्रमाणे उपचाराची माहिती गुप्त ठेवावी लागते, जात किंवा लैंगिकतेवरून भेदभाव चालत नाही. "हे बरं करून देतो" असं कुणी म्हणालं तर सरळ उठून ये. समलैंगिकता आजार नाही, हे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१८ मध्येच सांगितलंय. आजार आहे तो नैराश्याचा, आणि आदिवासी म्हणून झेललेले टोमणे त्यात भरच घालतात. समुपदेशकाला तेही सांग.

उपचारात सिव्हिल पुढे. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात, मध्येच सोडायच्या नाहीत.

तेव्हा आजवर कुणाशीच बोलला नसशील तर आधी फोन. झोप-भूक उडाली असेल, कामाला हात लागत नसेल तर सिव्हिल. मरणाचे विचार येत असतील तर आत्ताच १४४१६ लाव, आणि विश्वासाचं माणूस सोबत घेऊन दवाखाना गाठ.