तयार बोर्ड की तांब्याची पाटी?

माझ्या टेबलावर हॅम रेडिओचे, म्हणजे हौशी लोकांनी परवाना घेऊन बोलायच्या रेडिओचे, दोन सेट शेजारी-शेजारी आहेत. दोन्ही बिटएक्स या घरी जोडायच्या सेटच्या घराण्यातले, दोन्ही चाळीस मीटरच्या बँडवर एसएसबी (आवाज पाठवायची एक पद्धत) करणारे, १२ व्होल्टला दोन्ही पाच-सात वॅटच्या आसपास. एक तयार बोर्डाचा: पाकीट फोडलं, वायरी जोडल्या, डब्यात बसवला. दुसरा कोऱ्या कॉपर क्लॅडवर, म्हणजे तांब्याचा थर दिलेल्या पाटीवर, मी स्वतः रचलेला, ज्याला घरी 'तुमचं जळमट' म्हणतात. परवाना नुकताच हातात पडलेला कुणीतरी 'यातलं काय करू?' म्हणत ठाण्यात नौपाड्याला माझ्याकडे येतो आणि मी दोन्ही सेट चालू करून दाखवतो. दोन्हींचं बरं-वाईट सांगतोही. पण सांगता सांगता माझा हात कुठल्या सेटवर जातो हे बायकोने ओळखलंय, तेव्हा इथेही लपवण्यात अर्थ नाही.

तरी आधी तयार बोर्डाचं देणं फेडतो. रविवारी सकाळी पोहे खाऊन बसलो आणि जेवायची हाक आली तेव्हा हेडफोनमध्ये माणसं बोलत होती. संध्याकाळी गच्चीवरच्या इन्व्हर्टेड व्ही अँटेनावर पुण्याच्या एका स्टेशनने पहिल्या हाकेला उत्तर दिलं. शिवाय तोच बोर्ड शेकडो लोकांनी जोडलेला असतो, त्यामुळे तुम्हाला आलेली अडचण आधी कुणालातरी आलेली असते आणि तिचं उत्तरही तयार असतं. लवकरात लवकर हवेवर यायचं आणि गप्पा मारायच्या एवढंच मनात असेल, तर बोर्ड घ्या आणि खुशाल मोकळे व्हा.

जळमटाला मला गणपतीपासून दिवाळीपर्यंतचा वेळ लागला. हैदराबादचे हॅम अश्हर फरहान यांनी मूळ बिटएक्स आखला तो आपल्याकडे सहज मिळणाऱ्या भागांवर. नळाच्या वॉशरवर कॉइल गुंडाळायची युक्ती त्यातलीच. पण 'सहज' म्हणजे ठाण्याहून दादर, दादरला गाडी बदलून ग्रँट रोड आणि मग इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर, दुकानामागून दुकान. टोरॉइड (कॉइल गुंडाळायची रिंग) मागितला की काउंटरवरचा माणूस आधी आपल्याकडे बघतो, मग वरच्या फळीकडे. शेवटी ब्रॉडबँड ट्रान्सफॉर्मरसाठी मी मेलेल्या सीएफएल दिव्यांतल्या फेराइटच्या रिंगा काढल्या. त्या छान चालल्या. १० मेगाहर्ट्झचे वीस क्रिस्टल आणले, एकेक ऑसिलेटरमध्ये घालून फ्रिक्वेन्सी काउंटरवर मोजला आणि फिल्टरसाठी एकमेकांच्या जवळचे चार निवडले. त्यात दोन संध्याकाळी गेल्या. बीसी५४७ संपले म्हणून मधेच २एन३९०४ वापरले आणि दोघांचे पाय उलट असतात हे विसरलो. तीन ट्रान्झिस्टर काढून फिरवून लावावे लागले. चूक सापडली मात्र लवकर, कारण बिटएक्समध्ये बरेचसे तेच ॲम्प्लिफायर ऐकतानाही आणि बोलतानाही वापरले जातात. रिसीव्हर नीट ऐकायला लागला की निम्मा ट्रान्समीटर तपासून झालेला असतो.

एका बाबतीत मात्र जळमटाने सपशेल हार खाल्ली. माझा पहिला व्हीएफओ, म्हणजे फ्रिक्वेन्सी ठरवणारा ऑसिलेटर, कॉइल-कपॅसिटरचा होता. एप्रिलमध्ये ठीक चालला. जुलैत खिडकीतून पावसाची ओल आली की वारा बदलल्यासारखी फ्रिक्वेन्सी बदलायची. कळव्याचा एक तरुण मित्र दर पाच मिनिटांनी म्हणायचा, 'काका, सरकताय तुम्ही.' शेवटी फ्रिक्वेन्सी तयार करणाऱ्या एसआय५३५१ चिपचं मॉड्यूल आणि ते चालवायला एक आर्डुइनो नॅनो आणून पत्र्याच्या डब्यात बंद केलं. शुद्धतावादी नाकं मुरडतील, मुरडोत. तेव्हा 'सगळं हाताने' असा माझा हट्ट नाही.

खरं घोडं पेंड खातं ते पुढेच. या घराण्याच्या मूळ आराखड्यात एजीसी, म्हणजे मोठा आवाज आपोआप आवरणारी सोय, नाही. रात्री अकराला घर झोपलेलं, तुम्ही हेडफोन लावून केरळातलं एखादं मिणमिणतं स्टेशन पूर्ण व्हॉल्यूमवर ऐकताय, आणि मुलुंडचा कुणीतरी शंभर वॅटवर माइक दाबतो की आवाज थेट कानात फुटतो. एकदा मी हेडफोन असा भिरकावला की तो थेट पाण्याच्या तांब्यात पडला. म्हणून व्हॉल्यूम कंट्रोलच्या आधी एक सीरिज रेझिस्टर आणि तिथून ग्राउंडकडे २एन७००० हा मॉसफेट ट्रान्झिस्टर. ऑडिओच्या आउटपुटवरून दोन डायोडनी काढलेला व्होल्टेज त्याच्या गेटला. मोजून आठ-नऊ भाग.

तयार बोर्डावर तो सीरिज रेझिस्टर घालायचा तर आधीचा कपलिंग कपॅसिटर उचलावा लागतो. तो ०८०५ मापाचा, म्हणजे २ मिलिमीटर लांब, जवळपास साखरेच्या दाण्याएवढा. सोल्डरिंगचा बिट डाव्या टोकाला लावला की उजवं घट्ट, उजवीकडे नेला की डावं गार. चारदा इकडून तिकडे केलं आणि पाचव्या वेळी कपॅसिटर सुटला, पण सोबत खालचा पॅडही घेऊन. चिमट्यात धरून भिंगातून बघितलं तर त्याच्या पोटाला तांब्याचा तो इवलासा चौकोन चिकटलेला, आणि बोर्डावर त्याच्या जागी फिकट पिवळा डाग. मग ब्लेडने ट्रॅकवरचा हिरवा थर खरवडला, वायरीतली एकच तार काढून जोडली, देवाचं नाव घेतलं. दोन महिने चाललं. मग खरखर सुरू झाली. टेबलावर चापट मारली की थांबायची, जुन्या टीव्हीसारखी. पुन्हा उघडला, पुन्हा जोडला, तेव्हा शेजारचाही पॅड हलला.

दोष बोर्डाचा नाही, हात माझा. पन्नाशी उलटलीय, चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे आणि हॉट एअर (गरम हवेने सोल्डर वितळवणारं यंत्र) घ्यायचं घेईन-घेईन म्हणत राहून गेलंय. तरुण डोळे आणि नीट साधनं असतील तर हे सगळं तुम्हाला किरकोळ वाटेल, आणि ते मी मान्य करेन.

जळमटावर तोच बदल असा झाला: कपॅसिटरचा एक पाय तापवून उभा केला, कॉपर क्लॅडचा नखाएवढा तुकडा फेव्हिक्विकने चिकटवून एक नवं बेट तयार केलं, रेझिस्टर मधे बसवला, बाकीचे भाग हवेतच. चहा आला तेव्हा काम संपत आलं होतं. आठवड्याने वाटलं की एजीसी जरा उशिरा सुटतोय. तेव्हा एक कपॅसिटर बदलला. पुढे अँटेना न जोडता माइक दाबून मी आयआरएफ५१० हा शेवटचा पॉवर ट्रान्झिस्टर जाळला आणि त्या जागी आरडी१६एचएचएफ१ घातला. त्याचे ड्रेन आणि सोर्स वेगळ्या क्रमाने असतात. बोर्डावर ठरलेल्या भोकांत पाय एकमेकांवरून ओढावे लागले असते. इथे मी बेटं हलवली आणि बायस (गेटचा स्थिर व्होल्टेज) पुन्हा शून्यापासून हळूहळू वर नेला.

पावसाळ्यात तांबं काळं पडतं हे खरं. माझ्या पाटीवर अंगठ्याचा एक ठसा कायमचा उमटलाय. आधीच स्पिरिटने पुसून लॅकर मारायला हवं होतं, ते तुम्ही मारा.

तर ज्याला फक्त बोलायचंय त्याने बोर्ड घ्यावा, आणि शक्यतो त्याला हात लावू नये. ज्याचा हात सारखा स्क्रू ड्रायव्हरकडे जातो त्याने, माझ्या मते, ते दोन महिने सोसावेत. अँटेनाच्या स्विचला माझे दोन्ही सेट जोडलेले आहेत. बोर्डाच्या बाजूला तो शेवटचा कधी फिरवला ते पटकन आठवत नाही. एखाद्या शनिवारी लॅमिंग्टन रोडला निघालात तर मात्र मला फोन करा, माझेही १० मेगाहर्ट्झचे क्रिस्टल संपत आलेत.