घाण्याच्या तेलाचे दोन फलक: कोणता लावावा?

गंगापूर रोडवर लाकडी घाण्याच्या तेलाचे दुकान काढू पाहणाऱ्या एका परिचितांनी फलकासाठी दोन मजकूर तयार केले आहेत. पहिला असा: ‘रिफाइंड तेल म्हणजे विष, आजच बंद करा.’ दुसरा असा: ‘एक लिटर शेंगदाणा तेलाला सुमारे अडीच किलो शेंगदाणे लागतात. घाणा समोर चालतो, बघून घ्या.’

लक्ष वेधण्यात पहिला मजकूर सरस आहे, हे मान्यच करावे लागेल. ‘विष’ हा शब्द वाचून दुचाकीवरून जाणाराही मान वळवतो, तर अडीच किलोंचा हिशेब वाचायला त्याला थांबावे लागते. परंतु ज्या घरात वर्षानुवर्षे रिफाइंडचाच डबा येत आहे, त्या घरातल्या बाईंना ‘तुम्ही मुलांना विष घातलेत’ असे ऐकवायचे आणि त्यांनीच आपल्या दुकानाची पायरी चढावी अशी अपेक्षा धरायची, हा व्यवहार मला तरी जमणारा वाटत नाही.

कोणत्याही कंपनीचे नाव घेतले नाही, म्हणजे अडचण नाही, हा समजही खरा नव्हे. उन्हाळ्यात च्यवनप्राश विसरा, अशा आशयाच्या इमामीच्या जाहिरातीत कोणाचेच नाव नव्हते. तरीही त्यात सगळ्याच च्यवनप्राशाची निंदा होते, हे डाबरचे म्हणणे ग्राह्य धरून दिल्ली उच्च न्यायालयाने 2004 मध्ये ती जाहिरात रोखली. आपला माल जगात उत्तम आहे असे विक्रेत्याने म्हणावे, ते खरे नसले तरी चालेल, मात्र दुसऱ्याचा माल वाईट आहे असे म्हणू नये, ही भेदरेषा कलकत्ता उच्च न्यायालयाने 1999 मध्येच आखली होती. शिवाय 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ‘विष’ सिद्ध करण्याची जबाबदारी शेवटी दुकानदारावरच येते.

दुसरा मजकूर संथ आहे, पण त्यात एक गुण दडलेला आहे. घाण्याच्या तेलाचा भाव ऐकताच ‘एवढे महाग का?’ हा प्रश्न येतोच, आणि त्याचे उत्तर फलकावर आधीच लिहिलेले असते. अट एवढीच की आकडा खरा हवा; एखादे चिकित्सक गिऱ्हाईक शेंगदाणे वजनकाट्यावर ठेवायला सांगेल, तेव्हा मालकाने हसून ते ठेवले पाहिजेत.

तुलना करायचीच असेल, तर ती पडताळता येईल अशा एकाच गोष्टीची करावी. तशा तुलनेला कायद्याचीही आडकाठी नाही. गल्ल्याशेजारी दोन वाट्यांत दोन्ही तेले ठेवून वास घ्यायला सांगितले तरी पुरे. आमच्या परिचितांना मी दुसरा फलक सुचवला असून, त्याखाली खडूने रोज सकाळी शेंगदाण्याचा त्या दिवसाचा भाव लिहावा, एवढीच भर घातली आहे.