किचनचा डिजिटल काटा: दोन वर्षं वापरल्यावर लिहितेय

घरी गोडधोड करायची आवड असेल आणि त्यासाठी एकच वस्तू घ्यायची असेल तर बीटर नको, महागडे साचे नको, आधी वजनकाटा घ्या. मी फोंड्याला राहते, दोन वर्षांपूर्वी मडगावच्या बाजारातून 650 रुपयांना घेतला, साधाच आहे, वर काच, 5 किलोपर्यंत वजन होतं, 1 ग्रॅमचा फरक कळतो, दोन ट्रिपल ए सेल लागतात आणि ते आजपर्यंत एकदाच बदललेत.

घ्यायची वेळ आली ती तवसळीमुळे, म्हणजे काकडीच्या उकडलेल्या गोड केकमुळे. त्या वर्षी श्रावणात एक व्हिडिओ बघून केली, त्यात एक कप रवा, दोन कप किसलेलं तवसं (काकडी), पाऊण कप गूळ असं सांगत होते पण हातात होता स्टीलचा पेला, माझ्याकडे 240 मिलीचा प्लॅस्टिकचा कप, तवसं दाबून भरायचं की हलक्या हाताने, पाणी सुटलेलं धरायचं की पिळून टाकायचं, गूळ किसलेला की खडे, काहीच नाही. तासभर उकडली तरी मधला रवा कच्चाच, दाताखाली कचकच लागत होता. सासूबाईंनी एक तुकडा खाल्ला, बोलल्या काही नाहीत, पण दुसरा मागितला नाही. मला ते फार लागलं, कारण हळदीची पानं त्यांनीच परसातून आणून दिली होती.

काटा आल्यावर पहिलं काम केलं ते मैदा मोजायचं. तोच कप चमच्याने हलका भरला तर 122 ग्रॅम, पिठाच्या डब्यात बुडवून काढला तर 148. एका कपात 26 ग्रॅमचा फरक! तीन कपांच्या केकमध्ये किती होईल बघा. त्यात अमेरिकेतली रेसिपी असेल तर कप 240 मिलीचा, ऑस्ट्रेलियातली असेल तर 250 चा, आणि तिकडचा टेबलस्पून 20 मिलीचा, आपल्याकडे मिळतो तो 15 चा. नारळाचं तर विचारूच नका. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून एकाच बाईकडून दोन नारळ आणले, एकाचा चव (खवलेलं खोबरं) निघाला 190 ग्रॅम, दुसऱ्याचा 310. आता रेसिपीत 'एका नारळाचं जाड दूध' लिहिलेलं असेल तर कुठला नारळ धरायचा सांगा.

म्हणून आता रेसिपी निवडताना मी पहिल्यांदा हेच बघते की ग्रॅम दिलेत का. मग भांड्याचं माप. 7 इंची आणि 8 इंची टिन ऐकायला जवळजवळ सारखे वाटतात पण 8 इंचीत जागा 30 टक्क्यांनी जास्त असते, तेवढ्याच पिठाचा केक त्यात पातळ होतो आणि लवकर करपतो. आणि तिसरं म्हणजे झालं हे कसं ओळखायचं ते लिहिलंय का, 'कडा सुटल्या की', 'तूप बाजूला दिसायला लागलं की' असं. नुसतं '40 मिनिटं' लिहिणाऱ्यावर माझा विश्वास बसत नाही, प्रत्येकाचा ओव्हन वेगळा. फोटो कितीही सुंदर असू दे, या तीन गोष्टी नसतील तर मी सामान काढतच नाही, अंडी आणि तूप काही फुकट येत नाही.

या काट्याचा खरा उपयोग मात्र घरातल्या रेसिपींसाठी झाला. सासूबाई मणगणं (चणाडाळ, गूळ आणि नारळाच्या दुधाची खीर) करतात ते सगळं अंदाजाने. मी पातेलं काट्यावर ठेवून शून्य करून द्यायचे आणि म्हणायचे आई, आता घाला. पहिल्यांदा म्हणाल्या, "अगो, मोजून कधी मणगणं होतं?" पण घातला गूळ. 238 ग्रॅम. चवथीला परत तेवढ्याच चणाडाळीला गूळ 245. मग दिवाळीनंतर एकदा, 240. तिन्ही वेळा हातानेच घातलेला, डोळ्यांनी बघून! मी त्यांना आकडे दाखवले तर चष्मा लावून वहीत दोनदा वाचले त्यांनी. आता त्या स्वतःच हाक मारतात, काटा आण म्हणून, मागच्या महिन्यात नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) सारणाचं माप असंच लिहून घेतलं.

बेबिंकाबद्दल, म्हणजे गोव्याच्या थराथरांच्या गोड केकबद्दल, थोडं जास्त लिहिते कारण 2023 मध्ये त्याला जीआय टॅग (भौगोलिक मानांकन) मिळाल्यापासून पुण्याची नणंद प्रत्येक फोनला विचारते, घरी जमतं का गं. जमतं. कटकट असते ती सात थर सारखे करायची. टिन ओव्हनमध्ये तापलेला, तो काही काट्यावर ठेवता येत नाही, काच तडकेल. मग मी पीठाचं भांडंच काट्यावर ठेवते आणि शून्य करते. माझं पीठ 1260 ग्रॅम भरलं, म्हणजे थराला 180. डावाने पीठ काढत जायचं, आकडा उणे दिसायला लागतो, उणे 180 आला की थांबायचं, परत शून्य, पुढचा थर. मधे चमचाभर तूप सोडायचं आणि फक्त वरची कॉइल चालू ठेवायची, जुन्या पद्धतीत झाकणावर नारळाच्या सोडणाचे (वरच्या सालीचे) निखारे ठेवून वरून आच द्यायचे तसंच. थर चांगला लालसर झाल्याशिवाय पुढचं पीठ ओतू नका, नाहीतर कापल्यावर रेषाच दिसत नाहीत, सगळं एकच पिवळं. शेजारच्या आंटी दर नाताळाला करतात, त्यांना वजनबिजन लागत नाही, म्हणतात "हाताक कळटा गो बाय", पण माझं कापून दिलं तेव्हा थर बोटाने मोजले त्यांनी आणि डबा ठेवून घेतला.

आता तक्रारी. दोन मिनिटं हात लावला नाही की काटा बंद होतो, अंड्यांचे बलक वेगळे करत बसलं की आधीचं वजन गेलं, परत पहिल्यापासून, मी चिडून मधेमधे काचेला बोट लावत राहते. मोठं पातेलं ठेवलं की आकडे झाकले जातात, खाली वाकून बघावं लागतं. 3-4 ग्रॅमच्या खालचं वजन धड दाखवत नाही, त्यामुळे बेकिंग पावडर, जायफळ, यीस्ट चमच्यानेच मोजा. आणि युनिटचं बटण अगदी काठाला आहे, चुकून दाबलं की ग्रॅमचं मिली होतं. पाण्याला चालतं, तुपाला नाही, 100 मिली तूप साधारण 91 ग्रॅमच भरतं, एकदा नानकटाई त्यामुळेच पसरली माझी.

घेताना दुकानात सेल घालून बघायला सांगा. दहा रुपयांची दहा नाणी ठेवा, 77 च्या आसपास आकडा यायला हवा, मग तीच नाणी चारही कोपऱ्यांत सरकवून बघा. कोपऱ्यात आकडा 2-3 ग्रॅमने बदलला तर दुसरा पीस मागा. मी तिसरा पीस घेतला, दुकानदार थोडा वैतागला पण दाखवले त्याने. सेल बदलले की मी अजूनही हीच नाणी ठेवून बघते, डब्यात वेगळी ठेवलीत.